हत्यारांच्या खिडकीतली मार्नी

माझ्या स्वयंपाकघरात अक्रोड फोडायला एक पितळी हातोडा आहे. मूठभर आकाराचा, चकचकीत, आणि अक्रोडासाठी जरा जास्तच जड. पाहुणे विचारतात, "लॉर्ना, हे कुठून आणलंस?" मी म्हणते, "वरच्या खोलीतल्या पोरीने दिलं." यापुढचं ऐकायचं असेल तर बसावं लागतं, आणि आमच्याकडे बसलेल्या माणसाला पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरून भाजलेली मोठी करंजी, खावी लागते, म्हणून बरेच जण बसतातच.

मार्नी डुफेक आमच्या वरच्या खोलीत राहायला आली तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. विस्कॉन्सिनमधल्या एका लहानशा गावातली पोर. आईचं केस कापायचं दुकान, वडील कधीच निघून गेलेले. सामान काय, तर दोन बॅगा आणि एक डबा. डब्यात आईने दिलेले बारा कंगवे. बाराही वेगळे, आणि कुठला कशाला हे ती डोळे मिटून, नुसत्या दातांवर बोट फिरवून सांगायची. पण माझ्या नवऱ्याने, डेन्झिलने, पहिल्याच आठवड्यात नळाखाली वाकून "पोरी, तो पाना दे गं," म्हटलं, तर तिने त्याला पक्कड दिली.

"मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकतेस ना?" डेन्झिल ओट्याखालून म्हणाला.

"शिकतेय म्हणजे, शिकायला आलेय," ती म्हणाली.

डेन्झिल काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो. त्याच्या मते ज्याला पाना आणि पक्कड यांतला फरक कळत नाही, त्याला मताचा अधिकारही देऊ नये. तरी त्या दिवशी त्याने हात लांबवून पाना स्वतःच घेतला. पोरीचा चेहरा पाहिला असावा.

आमच्या कॉलेजात ज्यांना फीची मदत मिळते, त्यांना आवारातच काहीतरी काम करावं लागतं. कामांची यादी ऑफिसबाहेर लागते आणि शहाणी पोरं पहाटेच जाऊन रांग लावतात. मार्नी पोचली तोवर लायब्ररी गेली होती, खानावळ गेली होती. उरली होती दोन कामं. एक, हॉकीवाल्यांचे घामट कपडे धुण्याचं. दुसरं, वर्कशॉपमधल्या हत्यारांच्या खिडकीत बसण्याचं. हॉकीवाल्यांचा वास तिला शेजारच्या इमारतीपर्यंत आला होता, म्हणून तिने खिडकी घेतली. पुढे लोक तिला विचारायचे, या क्षेत्रात कशी रमलीस. तेव्हा ती हा वासच सांगायची.

वर्कशॉप वायनो कांगासच्या ताब्यात. वायनो तेव्हाच साठीला आलेला, बोटं गाजरासारखी जाड, बोलणं मोजकं. त्याने तिला एकच प्रश्न विचारला, "हत्यारं माहीत आहेत?"

"नाही."

"उत्तम. माहीत असलेल्यांना आधी विसरायला लावावं लागतं. फार वेळ जातो त्यात."

खिडकीचा कायदा सोपा. प्रत्येक विद्यार्थ्याकडे स्वतःच्या नंबराचे पाच पितळी बिल्ले. हत्यार हवं तर खिडकीवरची घंटी टिंग करून वाजवायची, एक बिल्ला द्यायचा. मार्नी तो बिल्ला हत्याराच्या रिकाम्या खिळ्यावर लावणार. हत्यार परत आलं की बिल्ला परत. संध्याकाळी खिळ्यांवर जितके बिल्ले, तितकी हत्यारं बाहेर, आणि कुणाकडे तेही समोर दिसतं. फक्त मार्नीकडे बिल्ले नव्हते. खिडकीच्या आतल्या माणसाला कशाला हवेत?

वर्गात मात्र तिचं काही खरं नव्हतं. पाच जणांच्या गटात ती एकटी मुलगी. गटाचा म्होरक्या ब्रॅम हुकस्ट्रा. उंच, गोरापान, आवाज असा की शेवटच्या बाकावरच्यालाही वाटावं आपल्यालाच सांगतोय. बापाचं गॅरेज होतं, पाळण्यात म्हणे खुळखुळ्याऐवजी बोल्ट होते. पहिल्याच दिवशी त्याने कामं वाटली. लेथ मशीन मी चालवतो, वेल्डिंग तू, आकडेमोड तू, आणि मार्नी, तुझं अक्षर छान आहे, तू अहवाल लिही.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काय म्हणणार, मिसेस टी? अक्षर छान आहेच माझं."

जानेवारीपर्यंत तिने तीन अहवाल लिहिले आणि लेथला एकदाही हात लावला नाही. फेब्रुवारीत एका संध्याकाळी ती एक फॉर्म घेऊन स्वयंपाकघरात आली. इंजिनिअरिंग सोडून बिझनेसला जाण्याचा फॉर्म. मार्गदर्शक प्राध्यापकांची सही लागणार होती आणि शेवटची तारीख महिन्याच्या अखेरचा शुक्रवार, संध्याकाळी पाच.

"पेन आहे का हो?"

"असेल कुठल्या तरी खणात," मी म्हटलं आणि कांदा चिरत राहिले. माझ्या घरात कुठल्या खणात काय आहे हे मला अंधारातही सांगता येतं. पण कधीकधी नाही सांगता येत.

"मला जमत नाही," ती म्हणाली. "त्यांना सगळं आधीपासून येतं. मी नावं पाठ करते तोवर त्यांचं करून होतं."

"आणि खिडकीत कसं चाललंय?"

तिचा चेहराच बदलला. खिडकीचं विचारलं की पोरगी फुलायची. "अहो, काल ब्रॅम आला होता. इकडेतिकडे बघितलं, मग खिडकीत वाकून अगदी हळू म्हणतो, ते दे गं... ते गोल... दात असतात त्याला..."

"काय होतं ते?"

"मलाही काय माहीत? मी तीन दिले समोर, एकावर बोट ठेवलंन् त्याने. रीमर होता, भोक रुंद करायचा. आणि जाताना मोठ्याने म्हणतो, हं, रीमरच हवा होता!"

मी हसले. ती पण हसली. "सगळेच तसे येतात," ती म्हणाली. "वर्गात गर्जना करणारे खिडकीशी कुजबुजतात. मागच्या आठवड्यात एक प्राध्यापक आले, म्हणाले, ते सी अक्षरासारखं, मोजायचं... मी म्हटलं, मायक्रोमीटर? तर म्हणाले, हो, मी तुझी परीक्षा घेत होतो."

"म्हणजे कुणालाच काही येत नाही तर."

"येतं हो. पण सगळं नाही येत. येतंय असं दाखवतात."

हे स्वतःच्या तोंडून बाहेर पडलेलं तिने ऐकलं की नाही कोण जाणे. फॉर्मवर बशीचा गोल डाग पडला होता, तो पुसत ती वर निघून गेली.

त्याच सुमारास आणखी एक झालं. लेथच्या तोंडाशी गज घट्ट धरणारा जबडा असतो, त्याला चक म्हणतात. तो आवळायची टी अक्षरासारखी चावी असते. गज आवळला की आधी चावी काढायची, मगच बटण दाबायचं. चावी आत राहिली तर फिरत्या चकातून ती गोळीसारखी सुटते. वर्कशॉपमधलं हे सगळ्यांत मोठं पाप. एका संध्याकाळी बंद करताना मार्नीला तीन नंबरच्या लेथमध्ये चावी तशीच दिसली. खिळ्यावर बिल्ला लटकत होता, एकतीस नंबरचा. एकतीस म्हणजे ब्रॅम.

"मग? सांगितलंस वायनोला?"

"नाही. काढून ठेवली जागेवर. बिल्ला वर्कशॉपमधल्या त्याच्या खणात टाकला."

"का गं? चांगली संधी होती."

"कसली संधी, मिसेस टी? उगाच शिक्षा भोगेल बिचारा."

शिक्षा अशी होती: आठवडाभर ती चावी दोरीला बांधून गळ्यात घालायची, आणि शुक्रवारी अख्ख्या वर्कशॉपला पेस्टी खाऊ घालायच्या. विकतच्या चालत नाहीत. वायनो एक घास घेऊन ओळखतो.

वायनोला मार्नीच्या फॉर्मचं कळलं होतं. त्याला सगळंच कळतं, विचारत मात्र काही नाही. शेवटच्या आठवड्याआधीच्या शनिवारी सकाळी त्याने पितळेचा एक गज तिच्यासमोर ठेवला. "खिडकीत बसणारा प्रत्येक जण जाताना स्वतःचा हातोडा बनवून जातो. प्रथा आहे."

"मी तर सोडूनच चाललेय."

"म्हणूनच म्हणतो. जाताना हातोडा घेऊन जा. बिझनेसवाल्यांकडे हातोडे नसतात."

तिने ॲप्रन चढवला. गज चकात धरला, चावीने आवळला, पाहिजे तसा, दोनदा तपासून. आणि नेमकी तेव्हा खिडकीवर घंटी वाजली. टिंग.

पाच महिने घंटी वाजली की ती धावत होती. हात कुठे आहेत, काय चाललंय, पाय काही विचारत नसत. ती धावली. एका पोराला कानस दिली, बिल्ला लावला, परत आली आणि बटण दाबलं.

चावी सुटली. पत्र्याच्या आडोशावर असा काही आवाज झाला की बाहेरच्या झाडावरचा बर्फ पडला म्हणतात. मग ती उसळून धातूच्या छिलक्यांच्या पेटीत जाऊन पडली. कुणाला खरचटलं सुद्धा नाही. पण अख्खं वर्कशॉप थांबलं. सात लेथ, वीस माणसं, आणि मधोमध आमची मार्नी, हात वर करून, जणू कुणीतरी बंदूक रोखलीय.

वायनो सावकाश आला. लेथ बंद केला. छिलक्यांतून चावी शोधली, ॲप्रनला पुसली, खिशातून लाल दोरी काढली, चावीत ओवली आणि तिच्या गळ्यात घातली.

"एकूण पस्तीस माणसं आहेत," तो म्हणाला. "माझ्या दोन धर."

ती घरी आली, कोट न काढता टेबलाशी बसली. गळ्यात ती लोखंडी चावी, गाईच्या गळ्यातल्या घंटेसारखी. बॅगेतून स्वतःचं पेन काढून तिने फॉर्म भरला. सुंदर अक्षरात. नुसती सहीची जागा रिकामी राहिली.

"कळलं मला," ती म्हणाली. "पाच महिने कुणी हात लावू दिला नाही म्हणून कुढत होते. हात लावला, आणि हे. शुक्रवारी पेस्टी देते, चावी परत करते, ग्रॉन्डिन बाईंची सही घेते आणि पाचच्या आत फॉर्म टाकते."

प्राध्यापिका ग्रॉन्डिन म्हणजे तिच्या मार्गदर्शक. त्यांच्यासमोर भल्याभल्यांची बोबडी वळायची.

मी म्हटलं, "ठीक. पण चाळीस पेस्टी म्हणजे दोन दिवसांचं काम आहे. बुधवारी कंद सोलायला ये."

अशा वेळी माणसाला समजवायला जाऊ नये. त्याच्या हातात सोलाणं द्यावं.

बुधवारी आम्ही रुटबागाचे कंद सोलले, बटाटे चिरले. गुरुवारी मांस, कांदा, पीठ. डेन्झिल दारात उभा राहून देखरेख करत होता, कारण त्याची पणजी इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून पेस्टी कपाळावर लिहूनच आली होती.

"गाजर घालू नका," तो म्हणाला. "गाजर घालणारे फिनलंडवाले."

"वायनो फिनलंडवाल्यांपैकीच आहेत," मार्नी म्हणाली. "त्यांना गाजर लागतं."

"मग वायनोला सांग, इथल्या खाणीत आमचे पणजोबा आधी उतरले!"

"त्यांनी काल सांगितलं, तुमचे पणजोबा उतरले, पण त्यांना वर काढलं वायनोंच्या पणजोबांनी."

डेन्झिल बर्फ काढायला निघून गेला. वीस पेस्टींत गाजर पडलं, वीस बिनगाजराच्या राहिल्या, आणि घरात शांतता नांदली.

कडा मुरडायचं काम मी तिला दाखवायला गेले, तर तिने माझ्या हातून पीठ काढून घेतलं. "वेणीच आहे की ही," म्हणाली. आईच्या दुकानात रविवारच्या प्रार्थनेआधी पोरींच्या वेण्या घालून हात बसलेला. माझ्या चार होईतो तिच्या नऊ झाल्या, आणि प्रत्येकीची मुरड मोजून सारखी.

मी म्हटलं, "हात तर चांगले आहेत की तुझे."

गळ्यातली चावी पिठात बुडत होती, ती तिने पाठीवर टाकली.

शुक्रवारी दुपारी पेस्टींची चार मोठी ताटं घेऊन बर्फातून चालत जाणं शक्य नव्हतं, म्हणून मीच गाडीने तिला सोडायला गेले. फॉर्म तिच्या कोटाच्या खिशात होता, कोपरा बाहेर आलेला. वर्कशॉपमध्ये शिरून तिने कोट दारामागच्या खिळ्याला टांगला. पेस्टींचा वास बोळातून वरच्या मजल्यापर्यंत गेला आणि दहा मिनिटांत पस्तीसाचे पंचेचाळीस झाले. ग्रॉन्डिन बाईही उतरल्या, चष्मा डोक्यावर, हातात स्वतःची बशी. पूर्वी आलेल्या असाव्यात.

ब्रॅम तोंड भरून म्हणाला, "मार्नी, आठवड्याला एकदा विसरत जा चावी."

सगळे हसले. मार्नीही हसली, पण लाल झाली. दोरी गळ्यातून काढून तिने चावी वायनोला दिली. "झालं ना आता?"

"नाही झालं," वायनो म्हणाला. "कपाट बंद कर."

खिडकीच्या आत हत्यारांचं एक मोठं लोखंडी कपाट आहे. त्याचं दार सदा उघडं, भिंतीला टेकलेलं. पाच महिने मार्नीने ते तसंच पाहिलं होतं. तिने दार ओढलं. कुरकुरत ते मिटलं आणि भिंतीकडची बाजू समोर आली. पत्र्यावर अक्षरांच्या ठशांनी ठोकून उमटवलेली नावं. वरपासून खालपर्यंत, कुठे वाकडी, कुठे उलटा एस.

सगळ्यांत वर: वायनो के. त्याखाली वर्ष. त्याच्याखाली पुन्हा: वायनो के.

"दोनदा?" मी म्हटलं.

"दुसऱ्यांदा प्रेमात होतो," वायनो म्हणाला.

मार्नी बोट फिरवत खाली येत होती, कंगव्याच्या दातांवरून फिरवावं तशी. मधेच थांबली. मोठ्याने वाचलं, "पी. ग्रॉन्डिन."

सगळ्यांच्या माना वळल्या. बाईंनी शांतपणे पेस्टीचा कोपरा तोडला. "माझी चावी खिडकीच्या काचेतून बाहेर गेली होती," त्या म्हणाल्या. "बाहेर डीनची गाडी उभी होती. पेस्टीही जळल्या होत्या माझ्या."

"या दारावर नाव नसलेले लोक दोन प्रकारचे," वायनो म्हणाला. "एक, ज्यांनी लेथला कधी हात लावला नाही. दुसरे, जे पकडले गेले नाहीत."

मार्नी पत्र्याकडेच बघत राहिली. ब्रॅमकडे तिने पाहिलंही नाही, मी पाहिलं. त्याचा घास तोंडातच राहिला होता आणि कानांच्या पाळ्या बीटसारख्या झाल्या होत्या. त्याने मार्नीकडे पाहिलं, मग खिळ्यांकडे, मग पुन्हा तिच्याकडे. मला वाटतं, आपला बिल्ला त्या दिवशी आपोआप खणात परत कसा आला होता, हे त्याला तेव्हा कळलं.

तो माझ्याजवळ सरकला आणि खिडकीशी बोलतात तसा कुजबुजला, "मिसेस टी, पुढच्या शुक्रवारी... मला पण करून द्याल का?"

"करून देणार नाही," मी म्हटलं. "शिकवीन. बुधवारी ये, कंद सोलायला."

"मोठ्याने बोल, हुकस्ट्रा!" वायनो ओरडला. त्याला ऐकू सगळं येतं.

"तीन नंबरच्या लेथवर," ब्रॅम म्हणाला, आता अगदी मोठ्याने, "माझी राहिली होती. तिने काढून ठेवली."

"माहीत आहे," वायनो म्हणाला. "वाट बघत होतो."

मग त्याने खणातून पाच नवे पितळी बिल्ले काढून मार्नीसमोर ठेवले. अठ्ठेचाळीस नंबर. "नाव ठोकायला ठसे लागतील. ठसे बिल्ल्याशिवाय मिळत नाहीत."

"पण खिडकीत तर मीच आहे."

"मग बाहेर ये."

ती बाहेर आली. स्वतः घंटी वाजवली. वायनोने आतून ठसे दिले, तिचा बिल्ला खिळ्यावर लावला. तिने नाव ठोकलं. शेवटचा के जरा तिरका गेला, बाकी अक्षर पत्र्यावरही छान होतं.

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजले होते. ग्रॉन्डिन बाई बशी पुसत तिच्याजवळ आल्या. "डुफेक, माझ्याकडे काही काम आहे म्हणाली होतीस सकाळी?"

बाईंच्या खिशाला पेन होतं. कोट दारामागे होता, फॉर्मचा कोपरा इथूनही दिसत होता. मी ताटं गोळा करायचं सोडून उगाच एकच ताट पुसत उभी राहिले.

मार्नीने श्वास घेतला. "हो," ती म्हणाली. आणि कुजबुजली नाही, सात लेथांपर्यंत जाईल एवढ्या आवाजात विचारलं, "पितळेला वेग किती ठेवायचा? मला माहीत नाही."

बाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "लोखंडापेक्षा जास्त. किती ते वायनोला विचार. मी काचेच्या प्रसंगापासून जरा लांबच असते."

वायनोने आकडा सांगितला. मार्नी लेथशी गेली, शनिवारचा तोच गज चकात धरला, चावीने आवळायला लागली. मी ताटं उचलली, दाराशी आले. पावणेपाच. ऑफिस आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला.

"मार्नी, तुझा कोट..." मी म्हटलं.

"राहू दे तिथेच, मिसेस टी."

तेवढ्यात खिडकीवर घंटी वाजली. टिंग. ब्रॅम उभा होता, हातात बिल्ला. "मार्नी! ते दे गं, ते... दात असलेलं..."

तिचे पाय हलले. मी पाहिलं, नक्की हलले. मग थांबले. तिने चकातून चावी काढली, ॲप्रनच्या खिशात टाकली, खिशावरून एकदा हात फिरवला.

"थांब जरा!" ती ओरडली. "आणि त्याला रीमर म्हणतात!"